नंबरावर विकलेले लोखंड: ग्लासगोची सॅरसेन फौंड्री

म्हैसूरच्या राजवाड्यातील कल्याण मंडपाचे खांब आणि सिंगापूरच्या लाऊ पा सात बाजाराचा १८९४ मधला लोखंडी सांगाडा यांचा मूळ पत्ता एकच आहे: वॉल्टर मॅकफार्लेन आणि कंपनी, सॅरसेन फौंड्री, ग्लासगो.

मॅकफार्लेन उमेदवारी शिकला ती जवाहिऱ्याकडे. मग लोहारकाम आणि बरीच वर्षे दुसऱ्याच्या फौंड्रीत नोकरी. १८५० च्या सुमारास भागीदारांना घेऊन त्याने गॅलोगेट भागातल्या सॅरसेन लेनमध्ये स्वतःचे काम सुरू केले. गल्लीचे नाव तिथल्या जुन्या खाणावळीवरून पडलेले, तेच कारखान्याला चिकटले.

वेळ त्याने अचूक गाठली होती. जेम्स नील्सनने १८२८ मध्ये भट्टीत गरम हवा फुंकण्याचे पेटंट घेतले, कोळशाचा खर्च एकदम उतरला आणि स्कॉटलंडमध्ये कच्चे बीड, म्हणजे ओतकामाचे लोखंड, मुबलक झाले. इकडे कॉलऱ्याने हादरलेली शहरे गटारे, नळ आणि मुताऱ्या यांवर पैसा ओतू लागली. लंडनमध्ये १८५९ साली पहिली सार्वजनिक पाणपोई उभी राहिली. मॅकफार्लेनचा पोटापाण्याचा माल म्हणजे पावसाच्या पन्हळी आणि पाइप. नक्षीदार कारंज्यांमुळे नाव झाले, पण गल्ला पन्हळींनी भरला असावा, असे मला वाटते.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत फौंड्रीत काम केलेल्याला सॅरसेनमधली रीत परकी वाटणार नाही. आधी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतायच्या वस्तूचा नमुना. बीड थंड होताना फुटामागे साधारण एक अष्टमांश इंच आटते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. त्यासाठी पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी, मुद्दाम वाढीव मापांची असते. मग पेटीत त्याभोवती वाळू ठोकून साचा, आणि त्यात क्युपोलातून, म्हणजे लोखंड वितळवण्याच्या उभ्या भट्टीतून, रस. खर्च सगळा पॅटर्नमध्ये. एकदा तो झाला की शंभरावा नग पहिल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो.

मॅकफार्लेनने धंदा बांधला तो याच हिशेबावर. त्याच्या जाडजूड कॅटलॉगमध्ये कठडे, खांब, बँडस्टँड, पाणपोया, सगळ्यांना नंबर. नगरपालिकेने नंबर कळवायचा, सुटे भाग जहाजाने यायचे, तिथे बोल्ट आवळायचे. घुमटी असलेल्या पाणपोयांच्या कमानींवर उठावाच्या अक्षरांत ‘फुटपाथ कोरडा ठेवा’ अशी सूचनाही ओतलेली असे! सुटे भाग धाडणारा तो एकटा नव्हता. काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलचा सांगाडा १८६० च्या दशकात असाच इंग्लंडहून मुंबईला आला.

मागणी इतकी वाढली की मॅकफार्लेनने शहराच्या उत्तरेला पॉसिलची इस्टेट घेतली आणि १८७२ पर्यंत कारखाना तिथे हलवला. भोवती आखीव रस्त्यांचे पॉसिलपार्क वसले. १८९१ पर्यंत तिथली वस्ती सुमारे १०,००० झाली.

बिडाची उणीव मात्र झाकता येण्याजोगी नव्हती. दाबाला भक्कम, ताणाला कच्चे. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळात स्कॉटलंडमधल्या टे नदीवरचा रेल्वेपूल आगगाडीसकट कोसळला. त्याचे बिडाचे खांब पुलाशेजारीच वर्मिट येथे ओतलेले होते, मॅकफार्लेनकडे नव्हे. चौकशीत निघाले की ओतकामातली भोके मेण, राळ, काजळी आणि लोखंडाचा कीस यांच्या लुकणाने बुजवली जात. या लुकणाला कामगारांत ‘बोमाँट एग’ असे नावही होते, म्हणजे ही युक्ती जुनीच असणार. मोठ्या पुलांच्या कामातून बीड उठले, पोलाद आले.

सजावटीचे काम पुढे बरेच टिकले. पहिल्या महायुद्धानंतर आवड बदलली, काँक्रीट आले. १९३५ च्या नमुन्याच्या लाल टेलिफोन पेट्या ओतणाऱ्यांत सॅरसेनही होती, पण तेवढ्यावर एवढा कारखाना चालणे कठीण. १९६७ मध्ये तो बंद झाला. जुने कॅटलॉग अजून उपयोगी पडतात: एखाद्या बागेतला कठडा तुटला की दुरुस्ती करणारे त्यात नक्षी शोधतात, नंबर जुळवतात आणि नवा पॅटर्न करायला देतात.