एस्कोबार, पाब्लो : हिंसक आणि राजकीय वारसा

पाब्लो एस्कोबार गाविरिया (१ डिसेंबर १९४९ – २ डिसेंबर १९९३) हा कोलंबियातल्या मेदेयीन कार्टेलचा म्होरक्या. कोकेनचा धंदा, नोटांच्या थप्प्या, फार्महाऊसवरचे प्राणी हे सगळं टीव्हीमुळे आता पोराटोरांनाही पाठ आहे, त्यामुळे ते इथे उगाळत नाही. नोंद आहे ती त्याच्या मागे काय उरलं त्याची. शहराचं नाव आपल्या पेपरांत 'मेडेलिन' असं छापतात, स्पॅनिश उच्चार 'मेदेयीन'च्या जवळचा आहे आणि खुद्द तिथले लोक त्यातला 'य' बराचसा 'ज'सारखा म्हणतात. इथे मधला पर्याय घेतलाय.

राजकारणात तो होता फार थोडा काळ. १९८२ च्या निवडणुकीत हाइरो ओर्तेगा यांचा पर्यायी सदस्य म्हणून, म्हणजे मूळ खासदार गैरहजर असला तर बसणारा, तो प्रतिनिधिगृहात पोचला. पुढारी लुइस कार्लोस गालान यांच्या 'नुएवो लिबरालिस्मो' (नवा उदारमतवाद) या गटाने त्याआधीच ओर्तेगा आणि एस्कोबार यांना मेदेयीनच्या भर सभेत बाहेर काढलं होतं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये 'सेमाना' साप्ताहिकाने त्याला 'पैसा रॉबिन हूड' म्हटलं (इथला 'पैसा' म्हणजे आपला पैसा नव्हे, आंतियोकिया भागातल्या माणसाला 'पाइसा' म्हणतात, पण मराठी कानाला गंमत वाटतेच), आणि ऑगस्टमध्ये 'एल एस्पेक्तादोर' दैनिकाने त्याच्या १९७६ च्या अटकेची जुनी बातमी परत छापली. तिथून त्याची पुढारीगिरी संपली. संसदीय संरक्षण गेलं, १९८४ च्या जानेवारीत त्याने राजकारण सोडल्याचं जाहीर केलं आणि त्याच्या मागे लागलेले न्यायमंत्री रोद्रिगो लारा बोनिया यांना ३० एप्रिल १९८४ ला बोगोतात मोटरसायकलवरच्या पोरांनी गोळ्या घातल्या. दैनिकाचे संपादक गियेर्मो कानो १७ डिसेंबर १९८६ ला तसेच गेले. युनेस्कोचा पत्रकारस्वातंत्र्य पुरस्कार त्यांच्याच नावाने आहे. या मारेकऱ्यांना 'सिकारिओ' म्हणतात, लॅटिन 'सिका' म्हणजे लहान खंजीर, त्यावरून. मुंबईत ज्याला 'सुपारी घेणं' म्हणतात तेच काम, फक्त वस्तीतल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांकडून करून घेतलेलं.

सगळ्या भांडणाचं मूळ प्रत्यार्पण, म्हणजे आरोपीला खटल्यासाठी दुसऱ्या देशाच्या, इथे अमेरिकेच्या, हवाली करणं. हा भाग लोक एका ओळीत उरकतात, तो जरा नीट बघायला हवा. अमेरिकेबरोबरचा करार १९७९ चा, त्याला मान्यता देणारा कायदा म्हणजे १९८० चा कायदा क्र. २७. आता गंमत अशी की त्या कायद्यावर सही राष्ट्राध्यक्ष तुर्बाय यांची नव्हतीच, ते परदेशात होते म्हणून कारभार सोपवलेले मंत्री हेर्मान सेआ यांनी सही ठोकली. सहा वर्षं त्याचं फार कुणाला काही वाटलं नाही. मग १२ डिसेंबर १९८६ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणं हे खास राष्ट्राध्यक्षाचं काम आहे, ते दुसऱ्यावर ढकलता येत नाही, सबब कायदा रद्द. नवे राष्ट्राध्यक्ष विर्खिलिओ बार्को यांनी लगेच दोनच दिवसांत तोच मजकूर स्वतःच्या सहीने कायदा क्र. ६८ म्हणून काढला, पण संसदेतून परत न नेता नुसती सही बदलून कायदा होत नाही म्हणत न्यायालयाने १९८७ च्या जूनमध्ये तोही उडवला. म्हणजे करार कागदावर जिवंत आणि तो चालवणारा कायदा मेलेला. न्यायमूर्तींना धमक्यांची पत्रं येत होती, त्यांच्यातले काही मारले गेले होते, तेव्हा निकाल भीतीपोटी दिला असं म्हणणारे बरेच आहेत; पण सहीचा मुद्दा कायद्याच्या बाजूने अगदीच पोकळ नव्हता, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं जास्त पटतं. १९८९ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार असलेल्या गालान यांचा सोआचाच्या सभेत खून झाल्यावर बार्को यांनी आणीबाणीच्या हुकुमाने प्रत्यार्पण परत सुरू केलं, म्हणजे कायद्याचा रस्ता टाळूनच.

न्यायालयाचाच विषय निघालाय तर ६ नोव्हेंबर १९८५ चं प्रकरण. एम-१९ या गनिमी संघटनेने बोगोतातली न्यायमंदिराची, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाची, इमारत ताब्यात घेतली, लष्कराने रणगाडे घालून ती परत घेतली, आग लागली, साधारण शंभर माणसं गेली, त्यात सर्वोच्च न्यायालयाचे ११ न्यायमूर्ती. एस्कोबारने यासाठी पैसा दिला का? एम-१९ चे जुने लोक साफ नाही म्हणतात. न्यायालयानेच नेमलेल्या सत्य आयोगाने संबंध होता असं धरलंय. पैसा दिला असण्याची शक्यता बरीच, पण प्रत्यार्पणाच्या फायली जाळण्यासाठीच हा हल्ला घडवला ही लोकप्रिय गोष्ट जरा जास्तच नीटस वाटते. आणि लष्कराने बाहेर काढलेली माणसं पुढे बेपत्ता झाली, तो हिशेब एस्कोबारच्या नावावर टाकता येत नाही.

१९८९ चं वर्षअखेर सगळ्यात वाईट. २७ नोव्हेंबरला आव्हियांकाचं २०३ नंबरचं विमान हवेत उडवलं, आतले १०७ आणि जमिनीवरचे ३ मेले. ६ डिसेंबरला बोगोतात गुप्तचर खात्याच्या इमारतीसमोर स्फोटकांनी भरलेली गाडी फुटली. गालान यांच्या खुनात मात्र तो एकटा नव्हता, राजकारणी आल्बेर्तो सांतोफिमिओ आणि खुद्द त्या गुप्तचर खात्याचे प्रमुख मिगेल मासा मार्केस या दोघांनाही पुढे शिक्षा झाल्या. १९९० च्या निवडणुकीत मारले गेलेले दुसरे दोन उमेदवार, हारामियो आणि पिसारो, हे त्याचेच बळी असं तेव्हाचं सरकार सांगत होतं. आता अभ्यासकांचा कल निमलष्करी टोळ्या आणि सरकारातले त्यांचे मित्र यांच्याकडे जास्त आहे.

शेवटी तो जिंकला असंही म्हणता येतं. १९ जून १९९१ ला घटना समितीने जन्माने कोलंबियन असलेल्या माणसाच्या प्रत्यार्पणावर बंदी घातली (कलम ३५) आणि त्याच दिवशी तो शरण आला, ला कातेद्राल या स्वतःच्याच सोयीने बांधलेल्या तुरुंगात. २२ जुलै १९९२ ला तिथून पळाला. १९९७ मध्ये घटनादुरुस्तीने बंदी उठली, पण मागच्या गुन्ह्यांना लागू नाही या अटीवर.

त्याला संपवण्याची पद्धत हा खरा राजकीय वारसा म्हणायला हवा. 'लोस पेपेस' म्हणजे पाब्लोने छळलेल्यांची टोळी, १९९३ च्या सुरुवातीला उघडपणे पुढे आली. त्यात निमलष्करी टोळ्यांचे कास्तान्यो बंधू, 'डॉन बेर्ना' या नावाने ओळखला जाणारा गुंड, मागे काली शहरातल्या प्रतिस्पर्धी कार्टेलचा पैसा, आणि पोलिसांच्या शोधपथकाशी त्यांची माहितीची देवाणघेवाण चालायची. त्याआधी १९८१ मध्ये मेदेयीन कार्टेलमधल्याच ओचोआ घराण्यातल्या मुलीच्या अपहरणानंतर तस्करांनी एकत्र येऊन काढलेल्या 'मास' टोळीपासूनच हा धागा निघतो असं बहुतेक मानतात. एस्कोबार मेला, टोळ्या उरल्या. १९९७ मध्ये कास्तान्योंनी देशभरच्या निमलष्करी टोळ्यांची एकत्र संघटना केली आणि मेदेयीनमध्ये 'एन्विगादोचं ऑफिस' ही गुन्हेगारी टोळी डॉन बेर्नाच्या हातात गेली. ऑक्टोबर २००२ च्या लष्करी कारवाईनंतर मेदेयीनच्या कोमुना १३ या वस्तीतून गायब झालेल्यांच्या अस्थी ला एस्कोम्ब्रेरा या राडारोड्याच्या डेपोत डिसेंबर २०२४ मध्ये सापडल्या, तिथल्या आया वीसेक वर्षं हेच सांगत होत्या. धंदा तर थांबलाच नाही. २०२३ मध्ये कोलंबियात २,५३,००० हेक्टरवर कोका, म्हणजे कोकेनचं पीक, होता.

शेवटची गोळी कुणाची यावर अजून वाद आहेत. पोलीस म्हणतात छपरावर चकमकीत मेला, घरचे म्हणतात कानात स्वतःच झाडून घेतली.

शहरात त्याची आठवण दोन जागी दिसते. मोराविया कचराडेपोवरच्या लोकांना त्याने बांधून दिलेली चारशेच्या वर घरं, ती वस्ती आजही त्याच्याच नावाने ओळखतात, भिंतीवर त्याचं चित्रही आहे. दुसरी एल पोब्लादोमधली, जिथे त्याची मोनाको इमारत होती. ती २२ फेब्रुवारी २०१९ ला सुरुंग लावून पाडली, आणि आता तिथे काळी भिंत आहे, तिला एकेका बळीसाठी एक भोक पाडलंय, १९८३ ते १९९४ पर्यंतची ४६,६१२ भोकं. टूरवाले दोन्हीकडे नेतात.

त्याच्या फार्महाऊसवरच्या पाणघोड्यांचं एवढंच की चारांचे आता दीडशेच्या वर झालेत, २०२२ मध्ये त्यांना आक्रमक प्रजाती ठरवलं आणि पुढच्या वर्षी त्यातले साठ गुजरातेत जामनगरला पाठवायची योजना जाहीर झाली होती.

नावावरून शेवटची कोर्टबाजी एप्रिल २०२४ मधली. एका कंपनीला 'पाब्लो एस्कोबार' हा युरोपात ट्रेडमार्क हवा होता. गरिबांसाठी त्याने केलेली कामं पुढे केली गेली, निर्दोषत्वाचं गृहीतकही पुढे केलं गेलं, कारण फौजदारी खटल्यात तो कधी दोषी ठरला नव्हता हे खरंच आहे. युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने म्हटलं की दोषी ठरला नसला तरी लोकांना, विशेषतः स्पेनमधल्या, हे नाव ऐकून ड्रग्ज आणि दहशतच आठवते, आणि अर्ज फेटाळला.