सरीन सापडलं; पण टाकलं कोणी?

२१ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे, गृहयुद्ध चालू असलेल्या सीरियाच्या राजधानीत, दमास्कसच्या घूता उपनगरांत विषारी अग्निबाण पडले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांचं तपास पथक त्याच शहरात मुक्कामाला होतं. आधीच्या हल्ल्यांच्या तक्रारी तपासायला ते तीन दिवसांपूर्वी आलं होतं. घटनास्थळ काही किलोमीटरवर, तरी तिथे पोचायला २६ तारीख उजाडली. तीही रोज पाच तासांच्या युद्धबंदीत: तेवढ्या वेळात खड्डे मोजायचे, माती उचलायची, रक्ताचे नमुने घ्यायचे आणि परत फिरायचं. स्वीडनचे शास्त्रज्ञ ओके सेलस्ट्रोम यांच्या या पथकाने १६ सप्टेंबरला अहवाल दिला. रक्ताच्या ८५ टक्के नमुन्यांत सरीन या मज्जातंतूंवर घाव घालणाऱ्या विषाच्या खुणा होत्या. सरीन वापरलं गेलं, यात शंका उरली नाही.

कोणी वापरलं, हे मात्र अहवालात नव्हतं. ते सांगायचा अधिकारच पथकाला दिलेला नव्हता. सीरियातला पुढचा सगळा वाद या फटीतून वाढला. ‘वापर झाला का?’ आणि ‘कोणी केला?’ हे दोन प्रश्न एकाच दमात विचारले जातात, पण त्यांचे पुरावे वेगळे आणि त्यांच्या चुकाही वेगळ्या.

पहिला प्रश्न प्रयोगशाळेचा. सरीनला सर्रास वायू म्हणतात. मुळात तो पाण्यासारखा द्रव आहे आणि झपाट्याने उडून जातो. शरीरात तो अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला चिकटतो. मज्जातंतूंचा संदेश थांबवणारी यंत्रणाच बंद पडते: बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, तोंडाला फेस येतो, श्वास अडतो. आपल्याकडच्या वाचकाला ही लक्षणं अनोळखी नाहीत. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांना विषबाधा झाली, तेव्हा संशयितांत ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशकं होती. ती याच विकरावर घाव घालतात आणि उताराही तोच, अ‍ॅट्रोपिन. म्हणून विकराची पातळी घसरली एवढ्यावर सरीन सिद्ध होत नाही. प्रयोगशाळेत रक्तातल्या प्रथिनांवर फ्लोराइडची प्रक्रिया करतात. चिकटलेलं सरीन पुन्हा सुटं होतं आणि यंत्रात दिसतं. हल्ल्यानंतर काही आठवडे हे शक्य असतं. मातीत स्वतः सरीन फार टिकत नाही, पण पाण्याशी संयोग होऊन तयार होणारं आयसोप्रोपिल मिथाइलफॉस्फोनिक आम्ल बराच काळ राहतं. निसर्गात ते तयार होत नाही आणि शेतीच्या औषधातूनही येत नाही.

चूक होऊ नये म्हणून रासायनिक अस्त्रबंदी संघटना नमुन्याचे भाग पाडून किमान दोन नेमलेल्या प्रयोगशाळांना पाठवते. सोबत कोरे नमुने आणि मुद्दाम रसायन घातलेले नमुनेही असतात. कुठला कोणता, हे प्रयोगशाळेला ठाऊक नसतं. या प्रयोगशाळांची नियमित परीक्षा होते आणि त्यात नसलेलं रसायन ‘सापडलं’ म्हणणारी नापास होते. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेलाही ही मान्यता मिळालेली आहे. एवढी चाळण असल्यामुळे सरीन आहे की नाही यावर जाणकारांत फारसा वाद होत नाही. वाद पुढे सुरू होतो.

घूताच्या अहवालात दोन अग्निबाणांच्या दिशा दिल्या होत्या. मोअदमियात पडलेला १४० मिलिमीटरचा, ईशान्येकडून आलेला. झमल्का-ऐन तर्मा भागात पडलेला ३३० मिलिमीटरचा, पश्चिम-वायव्येकडून आलेला. त्याच्या टोकातल्या टाकीत सुमारे ५६ लिटर द्रव मावत होता. नकाशावर पट्टी ठेवून दोन्ही रेषा मागे ओढल्या, तर त्या साडेनऊ किलोमीटरवर, कासियून डोंगरावरच्या रिपब्लिकन गार्ड या सरकारी सैन्यदलाच्या तळापाशी एकमेकींना छेदत होत्या. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तो नकाशा छापला. गुन्हेगार सापडला!

पण त्या आकृतीत दोन भोकं होती. दिशा मोजण्यात पाच अंशांची चूक झाली, तर साडेनऊ किलोमीटरवर रेषा सुमारे ८३० मीटर सरकते. दाट वस्तीत आणि युद्धात एवढ्या अंतरात तळ बदलतो, बाजूही बदलते. दुसरं भोक मोठं होतं. ३३० मिलिमीटरच्या अग्निबाणाचं तोंड बोथट, ड्रमसारखं. त्याचा हवेतला अडथळा आणि इंजिनाचा जोर धरून गणित केलं, तर पल्ला जेमतेम दोन-अडीच किलोमीटर निघतो. सेलस्ट्रोम यांनीही पुढे दोन किलोमीटर हा अंदाज रास्त मानला. म्हणजे झमल्क्यावरचा मारा कासियूनवरून झालेला असूच शकत नाही. शिवाय मोअदमियाच्या मातीत प्रत्यक्ष सरीन सापडलं नव्हतं, त्यामुळे तिथला अग्निबाण रासायनिक होता की साधा, हाही प्रश्न राहिला.

इथे दोन्ही बाजूंनी घसरण झाली असं माझं मत आहे. एका बाजूने छेदबिंदूला शिक्कामोर्तब मानलं. दुसऱ्या बाजूने छेदबिंदू कोसळला म्हणजे सरकार सुटलं, असं धरलं. दिशा तीच ठेवून दोन किलोमीटर मागे गेलं, तर प्रश्न एवढाच उरतो की त्या पट्ट्यावर त्या दिवशी ताबा कोणाचा होता. त्याचं उत्तर मग इतर पुराव्यांतून शोधावं लागतं: त्याच घडणीचे अग्निबाण पूर्वी कोणी वापरले होते, आणि एवढं सरीन बनवण्याची सोय कोणाकडे होती.

ही शेवटची बाब ठरवायची संधी २०१३ च्या अखेरीस मिळाली. सीरिया रासायनिक अस्त्रबंदी करारात आला आणि सुमारे १,३०० टन रसायनं त्याने जाहीर केली. ती बाहेर नेऊन नष्ट करण्यापूर्वी त्यांचे नमुने ठेवले गेले. म्हणजे आता तुलना करायला मूळ माल होता.

४ एप्रिल २०१७ रोजी सकाळी इदलिब प्रांतातल्या खान शेखूनमध्ये पुन्हा सरीन वापरलं गेलं. या तपासाची जमेची आणि दुबळी बाजू दोन्ही बघण्यासारख्या आहेत. तपासनीस गावात जाऊच शकले नाहीत. नमुने इतरांनी गोळा केले होते आणि ते कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले याची साखळी पहिल्या कडीपासून संघटनेच्या नजरेखाली नव्हती. सीरिया आणि रशियाने नेमकं यावर बोट ठेवलं, आणि आक्षेप तत्त्वतः योग्यच होता. मग सीरिया सरकारने स्वतः गोळा केलेले नमुने दिले. त्यातही सरीन, हेक्झामीन (सरीन बनवताना तयार होणारं आम्ल शमवायला वापरता येणारं रसायन) आणि त्याच जातीच्या अशुद्धी निघाल्या. आरोपीनेच आणून दिलेल्या बाटलीत तेच निघालं, म्हणजे ‘नमुन्यात भेसळ झाली’ या युक्तिवादाची हवा गेली.

हेक्झामीन एकट्याने काही सांगत नाही. ते छावणीतल्या इंधनवड्यांतही असतं. पण सीरियाच्या जाहीर साठ्यात ते होतं, आणि खान शेखूनच्या सरीनमधल्या काही अशुद्धी सीरियाच्या जुन्या कच्च्या मालाशी जुळल्या. घटकांची ही मोट पुरेशी दुर्मीळ होती. संयुक्त राष्ट्रं आणि अस्त्रबंदी संघटना यांच्या संयुक्त तपास यंत्रणेने २६ ऑक्टोबर २०१७ च्या अहवालात सीरियाच्या सरकारला जबाबदार धरलं.

त्याच अहवालात न जुळणाऱ्या गोष्टीही नोंदवल्या आहेत, आणि त्या वाचल्याशिवाय कोणी या विषयावर ठाम बोलू नये. पाच रुग्णालयांच्या दप्तरांत किमान ५७ रुग्णांची नोंद हल्ल्याच्या वेळेआधीची होती. काही जण १२५ किलोमीटरवरच्या रुग्णालयात सात वाजता, म्हणजे हल्ल्यानंतर काही मिनिटांतच दाखल झाल्याचं लिहिलेलं होतं. गोंधळात घड्याळ न बघता भरलेली नोंदवही, की रचलेला बनाव? यंत्रणेला याचा उलगडा करता आला नाही. इतर पुराव्यांपुढे यामुळे निष्कर्ष बदलत नाही, एवढंच तिने म्हटलं. ज्यातून बॉम्ब टाकल्याचा संशय होता, त्या विमानाचा मार्ग बॉम्बच्या खड्ड्यापासून किमान पाच किलोमीटर दूर दिसत होता. उंची आणि वेग ठरावीक असेल तर तेवढ्यावरूनही बॉम्ब तिथे पडू शकतो, असं तज्ज्ञांचं उत्तर होतं.

क्लोरीनचं प्रकरण याहून अवघड. ते पाणी शुद्ध करायला लागतं, सगळीकडे मिळतं, आणि हवेत विरल्यावर मागे क्लोराइड उरतं, जे मिठातही असतं. ७ एप्रिल २०१८ ला दूमात दोन पिवळे सिलिंडर दोन इमारतींवर सापडले आणि ४३ जण दगावले. इथे तपासनिसांनी लाकडाचा आधार घेतला. लाकडातल्या पाइनीनशी क्लोरीनचा संयोग झाला की बोर्नाइल क्लोराइड तयार होतं. सिलिंडरजवळच्या लाकडात ते मिळालं. मग वाद झाला तो सिलिंडर वरून पडला की हाताने आणून ठेवला यावर. संघटनेतूनच फुटलेल्या एका टिपणात हाताने ठेवल्याची शक्यता जास्त धरली होती. हल्ला कोणी केला हे ठरवणाऱ्या, संघटनेच्याच तपास व निश्चिती पथकाने जानेवारी २०२३ च्या अहवालात तो पर्याय तपासून बाजूला सारला आणि दुमैर तळावरून आलेल्या सरकारी हेलिकॉप्टरने सिलिंडर टाकल्याचा निष्कर्ष दिला. त्याची पातळी ‘मानण्यास वाजवी आधार’ एवढी. फौजदारी कोर्टात लागणारा ‘शंकेपलीकडे’ हा निकष त्याहून वरचा.

हे पथक अस्तित्वात आलं तेही भांडून. जुन्या संयुक्त यंत्रणेची मुदतवाढ रशियाने नोव्हेंबर २०१७ मध्ये नकाराधिकाराने रोखली. जून २०१८ मध्ये हेगला सदस्य देशांच्या मतदानात ८२ विरुद्ध २४ मतांनी संघटनेलाच जबाबदारी ठरवण्याचा अधिकार मिळाला. विरोधी २४ मध्ये भारत होता, ज्याने स्वतःचा मस्टर्डचा (त्वचेवर फोड आणणाऱ्या रासायनिक अस्त्राचा) साठा २००९ पर्यंत नष्ट केला होता. यंत्रणा एकाच बाजूला दोषी धरतात, हा आरोप मात्र टिकत नाही: २०१५ मध्ये सीरियातल्या मारेआत वापरलेल्या मस्टर्डसाठी त्यांनी इस्लामिक स्टेटला जबाबदार धरलं आहे.

उरतो तो आदेशाचा प्रश्न. लतामेना गावावर मार्च २०१७ मध्ये सात दिवसांत तीन हल्ले झाले. शायरात या हवाई तळावरून उडालेल्या सुखोई-२२ विमानाने दोनदा सरीनचे बॉम्ब टाकले, एकदा हेलिकॉप्टरने रुग्णालयावर क्लोरीनचा सिलिंडर टाकला. हे सगळं तपास व निश्चिती पथकाच्या अहवालात आहे. असा हल्ला वरिष्ठांच्या आदेशाशिवाय होत नाही, हेही आहे. आदेश देणाऱ्याचं नाव नाही, कारण ते मातीत किंवा रक्तात मिळत नाही. ते असतं शस्त्रागाराच्या आवक-जावक वहीत आणि उड्डाण नोंदीत. डिसेंबर २०२४ मध्ये सीरियाचे राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद सत्तेवरून गेले, आणि मार्च २०२५ मध्ये संघटनेचं पथक सीरियात पोचलं. जाहीर न केलेल्या शंभराहून जास्त जागा तपासायच्या आहेत, आणि कुठल्या तळावर किती कागद शिल्लक आहे, हे आधी बघावं लागणार आहे.