शके की इसवी? पाटणादेवीचा शिलालेख वाचताना

चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलेले लोक 'शके ११२८' हा आकडा ऐकतात, चालू सालातून वजा करतात आणि लेख नऊशे वर्षांचा ठरवून मोकळे होतात. तो सव्वाआठशेच्याही आतला आहे. शके आणि इसवी सन यांत ७८ वर्षांचं अंतर आहे, तेच इथे राहून जातं. चाळीसगावजवळच्याच वाघळीच्या शिलालेखातलं शके ९९१ तर हमखास 'दहावं शतक' म्हणून खपतं. ते १०६९, म्हणजे अकरावं.

पण ७८ मिळवले की झालं, असंही नाही. शकाचं वर्ष गुढीपाडव्याला बदलतं, इसवीचं १ जानेवारीला. त्यामुळे साधारणपणे चैत्र ते मार्गशीर्ष ७८ मिळवायचे, माघ-फाल्गुनात ७९. पौषात मात्र तिथी १ जानेवारीच्या अलीकडे की पलीकडे, ते पाहावं लागतं.

पाटणचा, म्हणजे पाटणादेवीचा, लेख त्याहून खट्याळ. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी काढलेल्या मठाला निकुंभ घराण्यातल्या सोन्हदेव राजाने दिलेलं दान त्यात आहे. काळ श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहण, प्रभव संवत्सर. श्रावण म्हणून ७८ मिळवले तर १२०६ येतं. आता संवत्सर, म्हणजे साठ नावांच्या चक्रातलं वर्षाचं नाव, पडताळू. शकात १२ मिळवून ६० ने भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. ११२८ + १२ = ११४०, बाकी शून्य, म्हणजे साठावं, क्षय. प्रभव तर पहिलं! ते पुढच्या वर्षी येतं, म्हणून अभ्यासक ९ ऑगस्ट १२०७ ही तारीख धरतात. नुसत्या आकड्यापेक्षा संवत्सराचं नाव जास्त भरवशाचं, ते असं.

आकडा शब्दांत असेल तर उजवीकडून वाचावा. भास्कराचार्यांनी जन्मशक 'रसगुणपूर्णमही' असं दिलंय: रस ६, गुण ३, पूर्ण ०, मही १. डावीकडून ६३०१ येईल. खरा १०३६, म्हणजे इ.स. १११४.

थाळनेरला खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या कबरींपाशी हे गणित चालत नाही. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं. तिथे कोष्टकच लागतं. हिजरी ८०१ म्हणजे १३९८-९९.

आणि तारीख बरोबर काढली तरी ती कशाची, हे पाहायचं राहतंच. पाटणच्या लेखातली तारीख दानाची आहे, देवळाच्या पायाची नव्हे.