देवळीतली बशी टेबलावर कशी आली

महालक्ष्म्यांचं जेवण असो की वास्तुशांत, घरी तीस-चाळीस माणसं जेवणार म्हटलं की आता एक प्रश्न निघतोच : वाढायला पांढरी भांडी कोणती घ्यायची? काचेची, चिनी मातीची, की ती पडली तरी न फुटणारी? लातूर असो, नांदेड असो, भांड्यांच्या दुकानात खाली स्टील-पितळ आणि जिना चढून वर ‘क्रॉकरी’. वरचा पोरगा ठरलेलं वाक्य टाकतो, “पांढरं घ्या ताई, पांढरं कशावरबी जातं.”

पांढरं भांडं मराठवाड्यातल्या घराला नवं नाही. ते आधीही होतं. फक्त ते कुणासाठी होतं आणि कुठे ठेवलेलं असायचं, हे आजच्या अगदी उलट होतं.

आमच्या आजीचं परभणीकडचं घर माळवदाचं. स्वयंपाकघरात सगळा पितळेचा कारभार : चरवी, परात, कोपर, भाकरी कुस्करायला उभ्या काठाच्या पितळ्या. आणि बाहेर ओसरीच्या देवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, दोन कपबश्या पालथ्या घातलेल्या. पांढऱ्या, काठाला हिरवी रेघ, त्यातल्या एका कपाचा कान गेलेला. घरातलं कुणी त्यातून चहा पीत नसे. कापसाचा व्यापारी, तालुक्याहून आलेला कारकून, आजोबांचे मुसलमान दोस्त, असं ‘बाहेरचं’ माणूस आलं की त्या खाली निघायच्या, विसळायच्या आणि परत देवळीत जायच्या. चुलीपर्यंत त्या कधी पोचल्या नाहीत. गावकुसाबाहेरून आलेल्या माणसाच्या वाट्याला ती कान तुटलेली कपबशीही येत नसे, हेही इथेच लिहायला हवं.

यामागचा हिशोब शुद्ध-अशुद्धतेचा. धातूचं भांडं उष्टं झालं तर राखेनं घासून, विस्तव दाखवून शुद्ध करता येतं, मातीचं भांडं एकदा उष्टं झालं की झालं, अशी समजूत. चिनी माती ही शेवटी मातीच. मग घरातलं पितळ दुसऱ्याला द्यायचं नाही आणि दुसऱ्याला दिलेली चिनी माती घरात घ्यायची नाही. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात पंगतीतला हा भेद मोडल्याच्या कथा आमच्याकडे कीर्तनात घसा ताणून सांगितल्या जातात. सांगणाऱ्याच्या ओसरीत देवळी असायचीच.

गावातल्या हॉटेलात हाच हिशोब उघड्यावर चाले. दलितांची कपबशी वेगळी, बाहेर फळीवर, आणि धुवायची त्यांची त्यांनी. 1948 च्या 17 सप्टेंबरला निजामी राजवट गेली, 1950 साली राज्यघटनेच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता संपवली, आणि 1955 च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात तर हॉटेल-धर्मशाळांमधली भांडी वापरू न देणं हा स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरला. कायद्यात भांड्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला, यावरून कपबशीचं वजन कळावं. फळ्या मात्र पुढेही बरीच वर्षं राहिल्या.

याच मुलखात पांढऱ्या भांड्याचा दुसरा, थाटाचा इतिहासही आहे. दौलताबादच्या किल्ल्यातला चिनी महाल हा निळ्या-पांढऱ्या चिनी फरशांच्या सजावटीवरून नाव पडलेला. 1687 साली गोवळकोंडा पडल्यावर औरंगजेबानं शेवटच्या कुतुबशहाला, अबुल हसन तानाशाहाला, मरेपर्यंत तिथेच कैदेत ठेवलं. दख्खनच्या सुलतानांना आणि मोगलांना चीनहून समुद्रमार्गे येणाऱ्या भांड्यांचा भारी सोस. त्यातल्या हिरवट झाकेच्या ताटल्यांना ‘घोरी’ म्हणत आणि त्यात विष असलेलं अन्न वाढलं तर ताटली तडकते, अशी पक्की श्रद्धा होती. रासायनिकदृष्ट्या यात काही अर्थ नाही. पण राजे लोक पाहुण्यांवर किती विश्वास ठेवत, हे त्यातून कळतं.

पुढे निजामाच्या अमलात सव्वादोनशे वर्षं काढल्यावर रकाबी, तबक, तश्तरी, दस्तरखान हे शब्द इथल्या मराठीत मुरले. औरंगाबादेत लग्नाच्या नान-खलियाचं, म्हणजे नानरोटी आणि मटणाच्या रश्श्याचं, जेवण दस्तरखानावर, जेवायला अंथरलेल्या कापडावर, वाढलं जाई, आणि ‘मधे मोठं भांडं ठेवा, ज्याचं त्यानं घ्या’ ही रीत मराठवाड्यानं पाहिली ती तिथे. तिसरा रस्ता छावण्यांचा. औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, इथे हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या पैशावर पोसलेल्या पण इंग्रजांच्या हाताखालच्या, फौजा होत्या, त्यांचे गोरे अधिकारी होते आणि त्यांच्या मेसमध्ये विलायती ताटल्या होत्या. 1900 च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे झाली आणि स्टेशनवरच्या चहाबरोबर कपबशी आतल्या गावांपर्यंत गेली. आजीच्या देवळीतल्या जोडीचा वंश बहुधा या रेल्वेच्या बाजूचा.

आता जरा युरोपात जाऊ, कारण ‘पांढरं म्हणजे उच्च’ ही कल्पना मुळात तिकडची. चीनची पांढरी, टणटण वाजणारी भांडी कशी होतात, हे युरोपाला कित्येक शतकं उमगलं नाही. केओलिन नावाची पांढरी माती तेराशे अंशांच्या आसपास भाजावी लागते, हे कोडं जर्मनीत सुटलं आणि 1710 मध्ये माइसेनचा कारखाना निघाला. इंग्लंडात जोसाया वेजवुडनं दुधी रंगाची स्वस्त भांडी काढली, 1765 मध्ये ती राणी शार्लटच्या पसंतीला उतरली आणि त्यांचं नावच ‘क्वीन्स वेअर’ पडलं. मध्यमवर्गाला राणीसारखं जेवायला मिळालं म्हटल्यावर माल खपला नसता तरच नवल. त्याच शतकाच्या शेवटी जोसाया स्पोडनं मातीत जनावरांच्या हाडांची राख मिसळून, तीही जवळजवळ निम्मी, बोन चायना बनवलं.

गंमत अशी की ती पांढरी माती आपल्याला अनोळखी नव्हती. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे सातवाहनकाळातलं तगर, रोमशी व्यापार करणारं शहर. तिथल्या लामतुरे संग्रहालयात केओलिनच्या छोट्या मूर्ती पाहायला मिळतात. नाकीडोळी नीटस, केसांची ठेवण इतकी बारीक की भिंग मागावंसं वाटतं. दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या कारागिरांनी पांढऱ्या मातीच्या बायका घडवल्या. त्यात आमटी वाढायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही, एवढंच.

ते येणारही नव्हतं, कारण वाढण्याचं भांडं ही वस्तूच आपल्याकडे वेगळी नव्हती. जेवणारा बसून असतो आणि अन्न त्याच्याकडे चालत येतं, ही पंगत. पळसाच्या पानांची पत्रावळ, द्रोण, आणि वाढप्याच्या हातात बादली, भगुनं, पळी. भगुनं काळं असलं तरी कुणाला काय, ते पुढच्या पानाकडे गेलेलं असतं. भांड्याला बैठक मिळाल्यावर, म्हणजे ते टेबलावर तासभर सगळ्यांच्या नजरेसमोर राहायला लागल्यावर, ते दिसतं कसं हा प्रश्न जन्माला आला. पांढऱ्या भांड्याचा इतिहास म्हणजे खरं तर पंगत उठून टेबल आल्याचा इतिहास आहे.

मधे एक मोठा पल्ला धातूचाच आहे. पितळेला कल्हई लागे. कल्हईवाला पारावर भाता लावायचा, भांडं तापवून नवसागर टाकला की पांढऱ्या धुराचा लोट, मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानं झर्रकन पुसलं की आतून चांदी. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक, चिंचेचं सार ठेवलं की ते कळकायचं. हिरवट पडायचं, तोंडात तांब्याची चव यायची. त्यामुळे न कळकणारं भांडं ही गृहिणीची खरी गरज होती, शोभा नंतर. गरिबाघरी जर्मन आलं, म्हणजे अॅल्युमिनिअम, गावाकडच्या बोलीत ‘जर्मल’. तामचिनीच्या, म्हणजे लोखंडावर काचेसारखा मुलामा चढवलेल्या, पांढऱ्या ताटल्याही आल्या, निळ्या काठाच्या. पण टवका उडाला की खालचं लोखंड गंजायचं. माझ्या आठवणीत अशी एक ताटली आहे जिच्यावरचा टवका हुबेहूब गोदावरीच्या वळणासारखा होता. ती शेवटी कोंबड्यांच्या पाण्याला लागली.

मग स्टील. 1970-80 च्या दशकात मराठवाड्यातल्या लग्नाचा आहेर म्हणजे स्टील, आणि त्यावर नाव घालणारा माणूस मंडपाच्या दारात मशीन घेऊन बसलेला. ते घर्रघर्र ऐकू आलं की लग्नघर जवळ आलं समजायचं. जुनं पितळ मोडीत घालून स्टील घेणाऱ्यांत आमचं घरही होतं. आज तेच लोक पितळेच्या पराती ‘अँटिक’ म्हणून दुप्पट-तिप्पट पैसे देऊन आणतात, त्यावर काय बोलावं. पण स्टील मुळात का जिंकलं हे विसरू नये : ते कळकत नाही, फुटत नाही, कल्हई मागत नाही आणि कुणीही जेवलं तरी घासून मांडणीत जातं. ‘बाहेरच्यांचं’ आणि ‘आतलं’ हा भेद काही कीर्तनानं पुसला नाही, तो थोडाफार पुसट झाला या चकाकत्या, सगळ्यांना सारख्या मिळणाऱ्या धातूमुळे. हे माझं मत.

स्टीलनं ताट जिंकलं, टेबल मात्र नाही. औरंगाबादला आधी चिकलठाण्याची, मग वाळूजची औद्योगिक वसाहत झाली. 1985 मध्ये बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला, बाहेरगावचे इंजिनिअर आले, फ्लॅट आले, फ्लॅटमध्ये डायनिंग टेबल आलं. साहेबाला जेवायला बोलवायचं तर स्टीलच्या पातेल्यातून कसं वाढणार? अमेरिकेत 1970 मध्ये कोरेल ही काचेचे थर एकमेकांवर चिकटवून केलेली हलकी पांढरी भांडी निघाली होती. आपल्याकडे 1980 चं दशक संपता संपता ला ओपालानं तेव्हाच्या बिहारमधल्या, आताच्या झारखंडमधल्या मधुपूरला ओपल काचेचा कारखाना काढला. ही काच पांढरी रंगवलेली नसते. वितळलेल्या काचेत फ्लोराइडं घालतात, थंड होताना त्यांचे सूक्ष्म कण काचेतच राहतात आणि प्रकाश विखुरतात, म्हणून ती दुधी दिसते. तिच्यात हाडं नाहीत, ही आमच्याकडे सगळ्यात मोठी गोष्ट ठरली. माळकरी, लिंगायत, जैन घरांतून बोन चायना बाहेरच्या बाहेर परत जायचं. ‘डिनर सेट’ काचेचा आहे म्हटल्यावर तो आत आला. तरी पहिली दहा वर्षं शोकेसमध्येच बसून होता म्हणा, खोक्यासकट.

मग आज घेताना काय बघावं, तेही याच इतिहासात दडलेलं आहे. आमचा स्वयंपाक काळ्या मसाल्याचा, येसराच्या आमटीचा. वर तेलाचा तवंग, त्यात हळद. पांढऱ्या भांड्यात ही आमटी अशी काही खुलते की सजावटीची कोथिंबीरसुद्धा आगाऊ वाटते. पण पसरट, उथळ विलायती बाऊल यासाठी बिनकामाचा. पळी बुडायला हवी, तवंग आणि रस्सा दोन्ही एकदम यायला हवेत, म्हणून खोल, उभ्या काठाचं, मुठी असलेलं भांडं. म्हणजे आकार पितळीचा आणि रंग विलायती. पुरणपोळी, धपाट्यांना लांबट सपाट ताटली बरी. जाड चिनी मातीचं भांडं आधी गरम पाण्यानं भरून ठेवलं तर भात बराच वेळ निवत नाही. ओपल हलकी, म्हणून फिरवायला सोयीची, पण लवकर निवते.

मेलामाइनच्या, म्हणजे त्या कडक प्लास्टिकच्या, मी विरोधात आहे. पडलं तर फुटत नाही हे खरं, पण हळद त्यात मुरते, मायक्रोवेव्हला चालत नाही आणि सुरी-चमच्यांचे ओरखडे दोन वर्षांत दिसायला लागतात. ओपल किंवा चांगल्या झिलईच्या चिनी मातीवर हळद राहिलीच तर उन्हात ठेवावी. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही आणि उन्हाची मराठवाड्याला कधी कमतरता पडलेली नाही. बोअरच्या जड पाण्यानं पारदर्शक काचेवर क्षारांचे डाग दिसतात, पांढऱ्यावर ते झाकून जातात. मात्र चकाकी मरते, तेव्हा अधूनमधून लिंबाची फोड फिरवायची. आणि आतून नक्षी, सोनेरी फुलं असलेलं भांडं आंबट पदार्थांना नको. झिलईवरच्या रंगांत शिसं, कॅडमिअम असू शकतं आणि ते आंबटात उतरतं. कळकण्याचाच हा नवा अवतार. आतून निखळ पांढरं, एवढं बघितलं तरी पुष्कळ.

गेल्या भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्यांना चाळीसेक माणसं होती. हॉलमध्ये टेबल, त्यावर ओळीनं पांढरी भांडी, सोळा भाज्यांचं एक मोठं, कढीचं मुठींचं, पुरणपोळ्यांची लांबट ताटली. पाहुण्यांनी फोटो काढले. नैवेद्य मात्र केळीच्या पानावर, बाजूला पितळेची वाटी. पांढऱ्या काचेला देवासमोर जायची परवानगी आईनं अजून दिलेली नाही.

सगळं आटोपल्यावर भांडी घासायला मदतीला आलेल्या मावशींना चहा दिला. आईनं ओट्याच्या कडेचा एक स्टीलचा पेला उचलला. तो कायम तिथेच, वेगळा, पालथा असतो. मी मांडणीतला पांढरा कप पुढे केला, तर मावशीच म्हणाल्या, “नको बाई, फुटला तर? माझा आहे की.”