सेरा दे त्रामुंतानामधले ट्रेल रनिंगचे मार्ग

सेरा दे त्रामुंताना म्हणजे स्पेनच्या मायोर्का बेटाच्या वायव्य किनाऱ्याला लागून गेलेली डोंगररांग, लांबी साधारण ९० किमी. युरोपात थंडी पडली की ट्रेल रनर मंडळी (म्हणजे डोंगर-रानातल्या वाटांवर पळणारी) ज्या ठिकाणांकडे वळतात त्यातलं हे एक. २०११ साली युनेस्कोने ही रांग जागतिक वारसा यादीत घेतली ती सांस्कृतिक भूदृश्य म्हणून, म्हणजे निसर्गापेक्षा माणसाच्या हातच्या कामासाठी, आणि पळायला जाणाऱ्यांनी हे आधी डोक्यात घेतलेलं बरं. कारण इथल्या बहुतेक वाटा ऑलिव्ह, कोळसा, बर्फ, टपाल नाहीतर देवदर्शन यासाठी पाडलेल्या आहेत. पळणारे सगळ्यात शेवटी आले.

सर्वात उंच शिखर पुच माजोर, १,४३६ मीटर, पण वर लष्करी तळ आहे म्हणून तिथे कोणी सोडत नाही. त्यामुळे माथा गाठायचाच असेल तर लोक मासानेयाला जातात, ते १,३६० मीटरच्या थोडं वर आहे. आकडे बघून आपल्याकडचा कोणी म्हणेल की हे तर कळसूबाईपेक्षा बुटकं, पण इथल्या बऱ्याच वाटा जवळपास समुद्रसपाटीपासून सुरू होतात, त्यामुळे चढ पूर्ण अंगावर येतो. दगड सगळा चुनखडीचा, पावसाच्या पाण्याने विरघळून त्याला वरच्या भागात सुरीसारख्या धारा आल्यात आणि बुटाचे सोल फार लवकर जातात. याच दगडाच्या जुन्या पायऱ्या मात्र शेकडो वर्षांच्या वापराने गुळगुळीत झाल्यात, ओल्या असल्या की सरळ घसरतात. म्हणजे एकाच रनमध्ये दोन्ही प्रकार.

मुख्य मार्ग जीआर २२१ (जीआर म्हणजे लांब पल्ल्याची पायवाट), त्याला कोरड्या दगडांची वाट असंही म्हणतात. नैऋत्येला आंद्राचच्या बाजूने सुरू होऊन एस्तेयेंक्स, वायदेमोसा, देया, सोयेर, यूकचा मठ असं करत पोयेन्सापर्यंत जातो. मुक्कामाला मायोर्काच्या बेट परिषदेचे आसरे आहेत (देयाचा कान बोई, सोयेरजवळ मुलेता, डोंगरात तोसाल्स वेर्ड्स वगैरे), पण बेड आधी बुक करावा लागतो. वाटेवरचं बांधकाम सगळं चुना-सिमेंटशिवाय, नुसता दगडावर दगड, नावातला कोरडा दगड तो हाच. बांध, पायऱ्या, कालवे, उताराच्या शेताच्या ताली, सगळं तसंच. हे काम करणाऱ्या कारागिरांना तिथे मार्जेर म्हणतात, आणि ही कला २०१८ साली स्पेनसह आठ देशांच्या नावे युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीतही आली.

या कामाचा नमुना बघायचा तर बिनियाराशची घळ. सोयेरच्या शेजारच्या बिनियाराश गावातून फरसबंदी पायऱ्या सुरू होतात त्या लोफ्रे खिंडीपर्यंत वळत वळत चढतच राहतात, साधारण ८०० मीटरची चढाई, आणि पलीकडे कूबेरचा तलाव. सोयेरहून यूकला जाणारे यात्रेकरू याच वाटेने जायचे. पायरी बुटकी पण लांब, एका ढांगेत मावत नाही आणि दोन पावलं टाकली तर पाय आखडतात, त्यामुळे पळणाऱ्याची लय काही केल्या बसत नाही. ओझं घेऊन चढणाऱ्या खेचराला मात्र हीच पायरी सोयीची. मध्येमध्ये वाटेवर तिरक्या दगडी ओळी बसवल्यात, पावसाचं पाणी बाजूला काढून देण्यासाठी, उतरताना नजर वर असली तर ठेच नक्की. माझ्या मते पूर्ण रांगेत एकच वाट करायची असेल तर हीच करावी, आणि उतरण्यापेक्षा चढून.

मासानेयाच्या अंगावर दगडी बर्फघरं दिसतात, म्हणजे आता छप्पर गेलेले मोठे खड्डे. हिवाळ्यात बर्फ पडला की माणसं तो गोळा करून या खड्ड्यात टाकायची, पायांनी तुडवून घट्ट करायची, मध्ये गवताचे थर द्यायची, आणि उन्हाळ्यात रात्रीच्या गारव्यात खेचरांवर लादून खाली बेटाची राजधानी पाल्मापर्यंत न्यायची, औषधाला आणि सरबताला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्फाचे कारखाने आले आणि धंदा बसला, पण नागमोडी वाटा राहिल्या, त्यातल्या काही आता दुरुस्त केल्यात. खाली ओकच्या रानात वाट सोडून गोल सपाट चौथरे दिसतात, शेवाळाने हिरवे झालेले, त्या कोळशाच्या भट्ट्यांच्या जागा. कोळसेवाले बायकापोरांसकट महिनोन्महिने रानात राहायचे. गॅस आला आणि तेही संपलं.

हौसेसाठी बनलेली वाट म्हटली तर वायदेमोसाच्या वरची आर्कड्यूकची वाट. ऑस्ट्रियाचा आर्कड्यूक, म्हणजे तिथल्या राजघराण्यातला राजपुत्र, लुडविग साल्वाटोर (१८४७-१९१५) या किनाऱ्याच्या प्रेमात पडला, इस्टेटी घेतल्या आणि घोड्यावरून समुद्र बघत फिरता यावं म्हणून कड्याच्या माथ्याने रस्ता बांधून घेतला. रनिंगला झकास, फक्त वारा असेल तर जपून. एवढं नको असेल तर एस्पोर्लेस ते बान्यालबुफार ही जुनी टपालवाट आहे, रुंद, सावलीची, पहिल्या दिवशी पाय मोकळे करायला बरी. तोरेंत दे पारेस ही घळ नकाशावर बघून मोह होतो पण तिथे पळणं वगैरे विसरा, मोठमोठ्या शिळांवरून चढउतार आहे, पावसात पाणी भरलं की जीवावर बेततं.

सीझन ऑक्टोबर ते मे. उन्हाळ्यात ऊन फार आणि चुनखडीत पाणी मुरून जातं म्हणून ओढे कोरडे, झरे आहेत पण त्यांच्या भरवशावर निघू नये, पाणी आपलं आपण न्यावं. जुलै २०१३ मध्ये आंद्राच-एस्तेयेंक्स भागात लागलेल्या वणव्यात २,३०० हेक्टरच्या वर रान जळालं, त्यामुळे जीआरच्या त्या टप्प्यात सावलीची आशाच ठेवू नये.

रेसही होतात, आंद्राच ते पोयेन्सा अशी शंभरवर किलोमीटरची अल्ट्रा (मॅरेथॉनपेक्षा लांब रेस) मध्यंतरी काही वर्षं झाली. पण खरी अडचण अंतराची नाही, जमिनीच्या मालकीची आहे. रांगेचा बराचसा भाग खाजगी इस्टेटींचा, आणि वाट सार्वजनिक की मालकाची यावरून भांडणं चालूच असतात. पोयेन्साजवळच्या तेर्नेयेसच्या वाटेचं प्रकरण तर वर्षानुवर्षं कोर्टात घोळलंय, आणि वायदेमोसाच्या वरच्या काही भागात गिधाडांच्या संरक्षणासाठी लोकांची संख्या मर्यादित ठेवून आधी नोंदणी घेतात. जिथे जाऊ देतात तिथे बांधावरून पलीकडे जायला लाकडी शिड्या लावलेल्या असतात, त्यांच्यावरूनच जायचं, आणि गेट उघडलं तर मागे लावून घ्यायचं, बकऱ्या सुटल्या की पुढच्या वेळी तिथे कुलूप दिसतं.