चिकित्सा मानसशास्त्रातील मापन आणि निष्कर्षांची मांडणी

मनाच्या त्रासाची तीव्रता अंकात धरणे, त्या अंकात चूक किती असू शकते हे काढणे आणि दोन्ही गोष्टी रुग्णाला व इतर अभ्यासकांना समजतील अशा सांगणे, हे या कामाचे तीन भाग. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचे. तिथपासून वाशी-ऐरोलीपर्यंतच्या पट्ट्यात मराठी, आगरी, हिंदी बोलणारे एकाच रांगेत बसतात; त्यामुळे इथे भाषेचा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

नैराश्यासाठी सर्रास वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. गेल्या दोन आठवड्यांतील ९ लक्षणांना प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण जास्तीत जास्त २७. ५, १०, १५ आणि २० गुणांपासून तीव्रतेची एकेक पायरी चढते. १० किंवा अधिक गुण आले म्हणजे पुढची तपासणी हवी; ते निदान नव्हे.

भाषांतराची रीत ठरलेली आहे. दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करायचे, दोन्ही मसुदे एकत्र करायचे, मूळ न पाहिलेल्याकडून उलट, म्हणजे मराठीवरून मूळ भाषेत, भाषांतर घ्यायचे, तज्ज्ञांनी ते तपासायचे आणि शेवटी ३०-४० जणांना प्रत्येक प्रश्न ‘तुम्हाला काय समजला’ असे विचारायचे. वेळ नाही म्हणून गाळली जाते ती नेमकी ही शेवटची पायरी, आणि खरे दोष तिथेच सापडतात. ‘खिन्न’ हा शब्द अनेकांच्या तोंडी नसतो. त्याजागी ‘टेन्शन’ घातले, तर चिंता आणि नैराश्य एकाच प्रश्नात मिसळतात. ‘मन लागत नाही’, ‘करमत नाही’ हे लोकांचे बोल आहेत, पण नव्या गावी आलेल्यालाही करमत नाही. ‘निम्म्याहून जास्त दिवस’ म्हणजे चौदापैकी आठ किंवा अधिक, हे समजावून सांगावे लागते.

शब्द बरोबर असूनही गुण फसवू शकतात. वाशीच्या बाजार समितीत दिवसभर गोण्या वाहणारा माथाडी थकव्याला ३ गुण देईल, ऐरोलीत रात्रपाळी करणारी मुलगी झोपेला. दोघांची एकूण बेरीज सारखी आली तरी अर्थ सारखा नाही. म्हणून प्रश्नागणिक गुण जपून ठेवावेत. सुनेने किंवा मुलाने प्रश्न वाचून दाखवले, तर मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या नवव्या प्रश्नाला खरे उत्तर मिळणे अवघड. तिथे ० सोडून काहीही आले, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी, एकांतात बोलायचे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सोबत द्यावा.

आता मापनातील त्रुटीचा हिशेब. समजा, गटाचे प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत) ५ आणि विश्वसनीयता (पुन्हा मोजले तर गुण किती सारखे येतील याचे ० ते १ माप) ०.८४ आहे. मापनाची प्रमाण त्रुटी ५ × √(१ − ०.८४), म्हणजे ५ × √०.१६, म्हणजे २ गुण. दोन वेळच्या गुणांतील फरकाची त्रुटी त्याच्या √२ पट, २.८३, तिला १.९६ ने गुणले की सुमारे ५.५; बदल याहून मोठा असेल तरच तो खात्रीचा मानायचा. जेकबसन आणि ट्रुअक्स यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या या कसोटीनुसार १२ वरून ८ वर आलेला रुग्ण १० ची रेषा ओलांडतो, पण बदल ४ गुणांचाच असल्याने तो खात्रीचा धरता येत नाही. ‘बरा झाला’ असे लिहिणाऱ्या अहवालांत हीच गफलत वारंवार होते.

अहवालात प्रश्नावलीची कोणती मराठी आवृत्ती, स्वतः भरली की वाचून दाखवली, आपल्याच गटातली विश्वसनीयता आणि उपचार अर्धवट सोडून गेलेले किती, एवढे तरी द्यावे. सोडून गेलेल्यांना वगळून काढलेली सरासरी सहसा उपचाराला झुकते माप देते. रुग्णाला टक्केवारीपेक्षा ‘अशा शंभरांपैकी इतक्यांना’ ही भाषा लवकर कळते.