तोलाई कशाची घेतात, आणि काटा नेमकं काय मोजतो

वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे बाजार समितीत, माल विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हातातली पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती बघा, त्यात हमाली वगैरेंच्या जोडीला तोलाई म्हणून एक कपात दिसते. शिलाई म्हणजे शिवायची मजुरी, तशी तोलाई म्हणजे तोलायची. उचलायचे पैसे वेगळे, ती हमाली. तोलाई मोजतात क्विंटलवर नाहीतर गोणीवर, त्यामुळे माल जास्त तर तोलाई जास्त, आणि मग बऱ्याच जणांना तो वजनावरचा टॅक्सच वाटतो, पण तो टॅक्स नाही, कोणाच्या तरी कामाचा मोबदला आहे.

आणि पूर्वी ते काम खरंच कसबाचं होतं! एका पारड्यात गोणी, दुसऱ्यात वजनं, काटा मधोमध थांबेपर्यंत दम धरायचा आणि मग आकडा मोठ्याने सांगायचा. त्यात मणाचा घोळ. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलो, आणि बंगालचा ३७ किलोच्या वर. १९५८ पासून किलोची वजनं टप्प्याटप्प्याने आली तसा हा घोळ मिटत गेला.

आता इलेक्ट्रॉनिक काटा. त्याच्या प्लॅटफॉर्मखाली लोड सेल असतो, म्हणजे धातूचा एक ठोकळा, त्यावर बारीक तारेची पट्टी चिकटवलेली. गोणी ठेवली की ठोकळा डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो, तार ताणली जाते, तिचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आकडा येतो. पारड्याचा तराजू दोन वस्तुमानांची तुलना करतो, म्हणून तो कुठेही नेला तरी तेच सांगणार, पण लोड सेलला कळतो फक्त दाब, आणि दाब गुरुत्वाकर्षणावर ठरतो. मुंबईत सेट केलेला काटा तसाच दिल्लीला नेला तर १०० किलोला साधारण ५० ग्रॅम जास्त दाखवेल. म्हणून काटा जिथे वापरायचा तिथेच तपासून घ्यायचा असतो आणि त्यावर दरवर्षी वैधमापनचा, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा शिक्का लागतो. शेतकऱ्याने मागितल्यावर तोलाई कापणाऱ्याने तो शिक्का दाखवलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक गोष्ट, बारदान, म्हणजे माल भरायची तागाची गोणी. ताग हवेतली ओल ओढून घेतो, साध्या हवेतसुद्धा स्वतःच्या कोरड्या वजनाच्या १३-१४ टक्के, आणि मुंबईच्या पावसाळ्यात त्याहून जास्त. बारदानाचं वजन मात्र बारा महिने एकच धरून वजा केलं, तर जुलैत घेणारा पाण्याचे पैसे धान्याच्या भावाने देतो आणि कडक उन्हाळ्यात नुकसान विकणाऱ्याचं होतं.